विद्यापीठाच्या गावातील मिश्र-वापराचे नगरकेंद्र: दापोलीच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीत १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी यांचे शिक्षण आणि त्याच्या जोडीला गावातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये यांमुळे हे गाव मूळ रहिवाशांइतकेच बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचेही झाले आहे. अशा गावात बाजार, घरे, बसस्थानक, अभ्यासिका आणि मोकळ्या जागा एकमेकांना धरून आखावयाच्या झाल्यास नागरिक, दुकानदार, घरमालक आणि पालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हे कोणत्याही मंजूर आराखड्याचे वर्णन नाही. असा आराखडा तयार होताना काय मागावे आणि काय मान्य करू नये, याविषयीची ही मते आहेत.

मिश्र-वापराचे नगरकेंद्र म्हणजे नेमके काय?

दुकाने, कार्यालये, राहती घरे, विद्यार्थ्यांच्या खोल्या, दवाखाने आणि सार्वजनिक जागा पायी पाच-दहा मिनिटांच्या टापूत एकत्र नांदतील, अशा रीतीने आखलेला गावाचा मध्यभाग म्हणजे मिश्र-वापराचे नगरकेंद्र. रस्त्याला लागून तळमजल्यावर दुकाने आणि वर राहणारी माणसे, हा त्याचा गाभा आहे. वर माणसे राहत असली की दुकाने बंद झाल्यावरही रस्त्यावर खिडक्यांचा उजेड राहतो आणि उशिरा अभ्यासिकेतून परतणाऱ्या मुलींना त्याचा आधार वाटतो. केवळ व्यापारी संकुल बांधून त्याला नगरकेंद्र हे नाव दिले, तर रात्री नऊनंतर तेथे बंद शटरांच्या रांगेखेरीज काही उरत नाही.

ही कल्पना बाहेरून आणलेली आहे का?

नाही. कोकणातील जुन्या पेठांमध्ये रस्त्याकडेच्या ओटीवर दुकान, मागे माजघर, त्यामागे परसू आणि विहीर, वर माडी, अशीच रचना असे आणि दुकानदार दुकानाच्याच छपराखाली राहत असे. निवासी आणि व्यापारी वापराचे पट्टे नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवण्याची पद्धत नंतरची आहे.

विद्येच्या निमित्ताने वसवलेल्या गावाचे आपल्या शेजारचे उदाहरण म्हणजे गुजरातमधील वल्लभ विद्यानगर. ते १९४० च्या दशकात सरदार वल्लभभाई पटेल यांच्या प्रेरणेने आणि अभियंता भाईलालभाई पटेल, म्हणजे भाईकाका, यांच्या पुढाकाराने मोकळ्या जमिनीवर उभे राहिले. दापोलीचे तसे नाही. इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे ‘कॅम्प दापोली’ म्हणून ओळखले गेलेले हे गाव विद्यापीठाच्या कितीतरी आधीचे आहे. त्यामुळे येथे प्रश्न नवे केंद्र वसवण्याचा नसून असलेली बाजारपेठ न मोडता तिला दुरुस्त करण्याचा आहे, आणि हे काम कोऱ्या जमिनीवरील कामापेक्षा अवघड असते.

विद्यार्थी सुट्टीवर गेले की हे केंद्र ओस पडणार नाही का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि बहुतेक सादरीकरणांत त्याला एका ओळीचेही स्थान मिळत नाही. विद्यार्थ्यांवर विसंबलेला बाजार परीक्षा संपल्या की मंदावतो. कोकणात मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थी घरी जातात, तेव्हाच मुरूड, कर्दे, आंजर्ले येथे जाणारे पर्यटक आणि मुंबईहून येणारे चाकरमानी दापोलीच्या बाजारात येतात. याउलट पावसाळ्यात किनाऱ्यावरील वर्दळ कमी होते आणि त्याच काळात वर्ग भरलेले असतात. डिसेंबरातील शनिवार-रविवार सोडले तर या दोन गर्द्या एकमेकींच्या वाटेत फारशा येत नाहीत. सुट्टीत रिकाम्या होणाऱ्या इतर महाविद्यालयीन गावांना हा लाभ मिळत नाही.

तरीही या दोन गर्द्यांवर विसंबून आराखडा करू नये. दापोली हे तालुक्याचे ठिकाण आहे. तहसील कचेरी, न्यायालय, बँका, दवाखाने, बियाणे आणि खते यांसाठी खेड्यापाड्यांतील माणूस बाराही महिने येथे येतो आणि सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने परततो. त्याला लागणारे किराणा दुकान, औषधांचे दुकान, शेती अवजारांची दुरुस्ती, सरकारी अर्ज भरून देणारा आणि स्वस्त जेवण देणारी खानावळ ही या केंद्राची पहिली गरज आहे. प्रत्येक प्रस्तावित गाळ्याबाबत एक कसोटी लावावी: विद्यार्थी आणि पर्यटक दोघेही नसतील त्या आठवड्यात हा गाळा उघडा राहील काय? निम्म्याहून अधिक गाळ्यांचे उत्तर नकारार्थी येत असेल, तर ते केंद्र गावासाठी आखलेले नाही, असे समजावे.

पर्यटकांना जादा भाड्याने देण्यासाठी विद्यार्थ्यांच्या खोल्या बळकावल्या जातील, ही भीती खरी आहे का?

खरी आहे. दोन रात्रींचे पर्यटकाचे भाडे आणि महिनाभराचे विद्यार्थ्याचे भाडे यांची तुलना घरमालक करणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. मे महिन्यात ‘खोली रिकामी कर, जूनमध्ये पुन्हा ये’ असे सांगितले गेले, तर पुढे संशोधनासाठी किंवा प्रक्षेत्रावरील, म्हणजे विद्यापीठाच्या शेतावरील, कामासाठी सुट्टीतही थांबणाऱ्या विद्यार्थ्याची पंचाईत होते. आंब्याचा हंगाम सुट्टीसाठी थांबत नाही आणि कृषी विद्यापीठातील बरेचसे प्रयोगही थांबत नाहीत.

यावर बंदी हा उपाय चालणार नाही; ती कागदावरच राहील. त्यापेक्षा नगरकेंद्रात अतिरिक्त बांधकामाची सवलत देताना वरच्या मजल्यांचा ठरावीक हिस्सा वर्षभराच्या करारानेच द्यावा, अशी अट परवानगीतच घालावी आणि पर्यटकांसाठीच्या खोल्यांना स्वतंत्र जिना व स्वतंत्र नोंदणी असावी. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या गावात ही तरतूद फारच थोड्यांना माहीत असते.

केंद्र कोठे असावे?

एसटी स्थानकाला धरून असावे. जवळचे रेल्वे स्थानक खेड येथे, सुमारे ३० किलोमीटरवर आहे. त्यामुळे दापोलीत येणारा बहुतेक माणूस शेवटी एसटीने, रिक्षाने किंवा स्वतःच्या वाहनानेच येतो. मंडणगड, हर्णै, केळशी, बुरोंडी या बाजूंनी रोज ये-जा करणारे विद्यार्थी शेवटच्या गाडीच्या वेळेला बांधलेले असतात. स्थानक आणि अभ्यासिका यांत पाच मिनिटांचे अंतर असेल, तर तो विद्यार्थी गाडी येईपर्यंत अभ्यास करतो. पंचवीस मिनिटांचे असेल, तर तो फलाटावरच वेळ काढतो. गावाबाहेरच्या वळणरस्त्यालगत जमीन स्वस्त मिळते म्हणून तेथे केंद्र न्यावे, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो सल्ला मोटार असणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

पावसाचा विचार कसा करावा?

दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. संगणकावर रंगवलेल्या चित्रांत नगरकेंद्र नेहमी निरभ्र आकाशाखाली दाखवलेले असते. सभेत ते चित्र पुढे आले की जुलैमधील चित्र दाखवण्याची मागणी अवश्य करावी.

पहिली गरज सलग छप्पर असलेल्या पदपथाची आहे. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने किमान अडीच मीटर रुंदीची पडवी सोडावी, तिची उंची आणि जमिनीची पातळी शेजारच्या पडवीशी जुळलेली असावी आणि दोन इमारतींच्या मधली फटही झाकलेली असावी. पायरी चढा, पायरी उतरा अशी पडवी चाकाच्या खुर्चीला निरुपयोगी ठरते आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईलाही. पडवीत दुकानाचा माल मांडण्यास मनाई असावी. अन्यथा पहिल्याच वर्षी तिचे गोदाम होते. छपराच्या पागोळ्या चालणाऱ्याच्या अंगावर पडणार नाहीत अशा रीतीने पन्हळी लावून पाणी खाली न्यावे. साधी वाटणारी ही बाब नकाशात कोणीच दाखवत नाही.

दुसरी गरज पऱ्ह्यांची आणि वहाळांची, म्हणजे लहानमोठ्या ओढ्यांची, नोंद करण्याची आहे. डोंगरमाथ्यावरील गावाला पुराची भीती नाही, असा समज आहे. नदीकाठच्या चिपळूणने जुलै २०२१ मध्ये जे भोगले तसे येथे होणार नाही, हे खरे. पण माथ्यावर काँक्रीट केलेल्या प्रत्येक चौरस मीटरचे पाणी उताराखालच्या वाडीत अधिक वेगाने जाते. त्यामुळे वाहनतळ आणि अंगणे शक्य तेथे चिऱ्याची किंवा पाणी झिरपू देणाऱ्या फरशीची करावीत.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत पत्रे, कौले आणि बागा यांचे मोठे नुकसान केले. नव्या इमारतींवर गच्चीवरून पाणी गळते म्हणून पत्र्याची शेड घालण्याची रीत सर्वत्र आहे. तिची बांधणी वाऱ्याचा जोर मोजून केलेली असावी आणि ती मूळ नकाशातच दाखवलेली असावी. वादळात उडालेला पत्रा रस्त्यावरच्या माणसाच्या दिशेने येतो.

एवढा पाऊस असताना पाण्याची चिंता कशाला?

कारण जांभ्यातून, म्हणजे येथल्या सच्छिद्र तांबड्या दगडातून, पाणी लवकर निघून जाते आणि मार्च उलटला की विहिरी खाली जातात. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. म्हणजे १०० चौरस मीटर छपरावर ३,५०० मिलिमीटर पावसात साडेतीन लाख लिटर पाणी पडते आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी २ लाख ८० हजार लिटर उरते. दरडोई दररोज १३५ लिटर या प्रचलित प्रमाणाने पाच जणांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागतात. मार्च ते मे या साधारण ९० दिवसांसाठी सुमारे ६१ हजार लिटर. एवढे पाणी साठवण्यास पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटरहून थोडी अधिक खोल अशी टाकी लागते. अशी टाकी प्रत्येक घराला परवडणार नाही, परंतु एका इमारतीच्या तळाशी किंवा चौकाखाली सामाईक टाकी बांधणे शक्य आहे. वसतिगृहासाठी हा आकडा बराच मोठा होतो, म्हणून टँकरवर अवलंबून असलेल्या वसतिगृहास नगरकेंद्रात परवानगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांडपाण्याचे काय?

पाण्यापेक्षा हा प्रश्न अधिक गंभीर आहे. शोषखड्ड्यात सोडलेले मैलापाणी जांभ्याच्या भेगांतून उताराखालच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. एका कुटुंबाच्या खड्ड्याची गोष्ट वेगळी आणि खाली तीन खानावळी, वर चाळीस विद्यार्थी अशा इमारतीची वेगळी. म्हणून दर इमारतीमागे खड्डा न देता संपूर्ण केंद्रासाठी एकच लहान मलनिस्सारण प्रकल्प असावा, खानावळींच्या मोऱ्यांना तेल व चरबी अडवणारे कुंड सक्तीचे असावे आणि शुद्ध केलेले पाणी बागांसाठी व शौचालयांसाठी वापरावे. प्रकल्प चालवण्याचा वार्षिक खर्च कोण उचलणार, हे ठरल्याखेरीज त्याच्या उद्घाटनाला काही अर्थ नाही.

खाली खानावळ आणि वर घर, हे सुसह्य होईल का?

रचना योग्य असेल तर होईल. धुराडे इमारतीच्या माथ्याच्या वरपर्यंत नेलेले असावे, गॅसच्या टाक्या हवेशीर आणि जिन्यापासून दूर असाव्यात, राहणाऱ्यांचा जिना दुकानाच्या मागच्या खोलीतून जाणारा नसावा आणि पाण्याचे व विजेचे मीटर वेगळे असावेत. अग्निसुरक्षेसाठी महाराष्ट्रात २००६ चा स्वतंत्र कायदा आहे; त्यातील अटी पूर्ण झाल्या आहेत याची कागदोपत्री खात्री वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्याने स्वतः करून घ्यावी. आवाजाबद्दल मात्र थोडी तडजोड करावी लागेल. बाजाराच्या डोक्यावर राहायचे आणि शेतावरची शांतता हवी, असे होत नाही.

वाहनतळ किती असावा?

मोटारींसाठी कमी आणि दुचाकींसाठी अधिक. एका मोटारीला उभे राहण्यास साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते आणि दुचाकीला दोन. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा विद्यार्थ्यांच्या गाड्या मावतात. पर्यटकांच्या मोटारींसाठी केंद्राच्या कडेला एकच सशुल्क तळ ठेवावा आणि तेथून पायी यावयास लावावे.

फेरीवाले आणि मासळी बाजार यांना हटवले जाईल का?

हटवणे अयोग्य तर आहेच, शिवाय कायद्यालाही धरून नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार आधी सर्वेक्षण करावे लागते आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे लागते. २० हजार वस्तीच्या गावात ही संख्या ५०० पर्यंत जाते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात. भाजी, जांभूळ-करवंदे, रानभाज्या घेऊन ठरावीक दिवशी येणाऱ्या गावकरी बायका सर्वेक्षणाच्या दिवशी जागेवर नसतात, म्हणून सर्वेक्षण हंगाम पाहून करावे.

मासळी बाजाराला स्वतंत्र छप्पर, उताराची फरशी, भरपूर पाणी आणि वेगळा निचरा हवा. हर्णैच्या लिलावातली मासळी दापोलीत येते. परंतु पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि तेव्हा ओट्यांवर प्रामुख्याने सुकी मासळी असते. तिला कोरडी जागा लागते, आणि नेमके तेच दिवस सर्वांत ओले असतात. एकाच ओट्याची रचना दोन्ही प्रकारच्या मासळीला चालेल, असे आराखड्यात गृहीत धरू नये.

इमारती किती उंच होतील?

राज्यातील बहुतेक नगरपंचायतींना डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि वापर यांवर चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजल्यांवर मिळून किती बांधकाम करता येईल ते, ठरते; भूखंडाच्या क्षेत्राशी असलेले त्याचे प्रमाण म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. मूळ निर्देशांकाखेरीज अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळणारे क्षेत्र असते आणि त्यावर निवासी वापरासाठी ६० टक्क्यांपर्यंत व इतर वापरासाठी ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे पूरक, क्षेत्र मिळू शकते. त्यामुळे ‘निर्देशांक अमुक’ असे कोणी सांगितले, तर प्रत्यक्ष इमारत त्याहून मोठी होईल, हे ध्यानात घ्यावे. माझ्या मते तळमजला आणि त्यावर तीन मजले या गावाला पुरेसे आहेत. त्याहून उंच गेल्यास उद्वाहन (लिफ्ट), पाण्याचा दाब आणि देखभाल यांचा खर्च वाढतो आणि तो शेवटी विद्यार्थ्याच्या भाड्यात येतो.

जमीन कोठून मिळणार?

आरक्षण (आराखड्यात सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवणे), वाटाघाटी आणि नगररचना योजना असे तीन मार्ग आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आरक्षित जमीन १० वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. लहान नगरपंचायतींकडे संपादनाचा पैसा नसतो, त्यामुळे नकाशावर भरमसाट आरक्षणे टाकून काही साधत नाही. नगररचना योजनेत जमीन एकत्र करून रस्ते व सार्वजनिक जागा काढून उरलेले भूखंड मूळ मालकांना परत दिले जातात. कोकणात एकेका सातबाऱ्यावर मुंबईपासून गावापर्यंत विखुरलेली वीस-पंचवीस नावे असतात. म्हणून कोणताही मार्ग निवडला, तरी नकाशाच्या आधी हिस्सेदारांच्या याद्या तयार करण्याचे काम सुरू करावे.

विद्यापीठाने यात काय करावे?

स्वतःच्या आवारात सर्व सोयी बंदिस्त न करता त्यांतील काही गावात आणाव्यात. रोपे, बियाणे आणि प्रक्रिया केलेल्या फळांचे विक्री केंद्र, शेतकरी सल्ला कक्ष आणि रात्री उघडी राहणारी अभ्यासिका या गोष्टी बाजारात असतील, तर तालुक्यातील शेतकरी आणि विद्यार्थी एकाच दारातून आत येतील.

किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) नियम लागू होतात का?

डोंगरमाथ्यावरील दापोलीच्या मध्यभागाला होत नाहीत. परंतु अशाच केंद्राचा विचार खाडीकाठच्या गावात केला, तर २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीच्या भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा या नियमांखाली येतो.

नागरिकांनी हरकत कधी आणि कशी नोंदवावी?

प्रारूप विकास आराखडा वर उल्लेखिलेल्या १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या कलम २६ नुसार प्रसिद्ध झाल्यावर सूचनेत दिलेल्या मुदतीत, साधारणपणे ३० दिवसांत, लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. ‘आराखडा रद्द करा’ एवढेच लिहिलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही. सर्वेक्षण क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, नकाशावरील नेमकी जागा, आक्षेपाचे कारण आणि पर्यायी सूचना या क्रमाने लिहावे. सुनावणीची नोटीस कोणत्या पत्त्यावर यावी तेही नमूद करावे. ३० दिवसांची मुदत मे महिन्यात पडली तर विद्यार्थी गावात नसतात आणि गणपतीत पडली तर स्थानिकांना सवड नसते. म्हणून प्रसिद्धीची तारीख जाहीर होण्याआधीच नगरपंचायतीकडे या दोन्ही काळांचा विचार करण्याची लेखी मागणी द्यावी आणि तिच्यावर महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रतिनिधींच्या व बाजारातील दुकानदारांच्या सह्या घ्याव्यात.